गोधडीखालचा बर्फ

मंडळाच्या अंकासाठी गेली कित्येक वर्षं माझ्याकडे लेख मागतात आणि दर वर्षी मी दुसरंच काहीतरी लिहून देतो. बंदरावरच्या बोटी, इथल्या वाफ्यात मेथी कशी उगवते, पहिल्या वर्षी बसमध्ये झालेली फजिती. लोकांना आवडतं. जे लिहायला हवं ते मी बाजूला ठेवत आलो. यातल्या माणसांना तुमच्यापैकी काही जण ओळखत होते. यातल्या एका बाईला तुम्ही हसला होता. मीही हसलो होतो. मी आता त्र्याऐंशी वर्षांचा आहे. आणखी बाजूला ठेवायला जागा उरलेली नाही.

हल्ली मी लंडनजवळ वॉटफर्डला मुलीकडे राहतो. शेजाऱ्यांनी घराच्या मागे हीट पंप बसवला आहे. नोव्हेंबर सरला, हवा ओली झाली, की त्याची एक लय सुरू होते. पंखा घुमत असतो, मग एकदम थांबतो. खट् असा आवाज येतो, पाठोपाठ लांब सुस्कारा, आणि कुंपणावरून वाफेचा पांढरा लोट वर चढतो. परवा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरी जळतंय वाटतं त्यांच्याकडे." मी म्हटलं, "जळत नाही गं, बर्फ वितळतोय." तिने चहा ओतला आणि ती कामाला लागली. मी मात्र पडद्याशी उभा राहून मिनिटं मोजत राहिलो. चौथ्या मिनिटाला पंखा परत फिरला, तेव्हा मी खाली बसलो. आताची यंत्रं शहाणी आहेत. किती बर्फ साचला हे ती आपलं आपण ओळखतात. आमच्या वेळच्या यंत्राला घड्याळावर चालावं लागायचं, आणि ते घड्याळ माणसाच्या हातात होतं.

हे यंत्र म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली ऊब काढून मागच्या बाजूने स्वयंपाकघरात सोडतो. हे बाहेरच्या हवेतली ऊब काढून घरात आणतं. गार हवेत कसली ऊब, असं लोक विचारायचे. असते, थोडी असते. पण ती ओढून घ्यायची तर बाहेरच्या पत्र्यांना हवेपेक्षाही गार व्हावं लागतं. उन्हाळ्यात गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसाच तो पत्र्यांना फुटतो; फक्त पत्रे शून्याखाली असल्यामुळे घाम जागच्या जागी गोठतो. कडाक्याच्या कोरड्या थंडीत हवेत पाणीच कमी असतं, तेव्हा यंत्राला फारसा त्रास होत नाही. त्याचा खरा वैरी म्हणजे दोन-तीन अंशांची, धुक्याची, अंगाला चिकटणारी थंडी. म्हणजे साउथहॅम्प्टनचा जानेवारी.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो हिवाळा मला त्याच्या ओलेपणासाठी आठवतो. बर्फ एकदाच पडला, त्याचाही तासाभरात चिखल झाला. बाकी सगळं धुकं. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस तसेच लोंबायचे आणि शेवटी घरात आणून खुर्च्यांवर टाकावे लागायचे. डब्यातले पापड मऊ पडले होते. काड्यापेटीतली काडी ओढली की नुसतं डोकं निघून यायचं. बसमध्ये ओल्या लोकरीचा वास, काचांवर बोटांनी काढलेल्या रेघा, आणि दिवसभर बंदरावरून येणारा भोंग्याचा आवाज, कुणीतरी गायीला हाक मारत असल्यासारखा.

बंदरावरची शीतगृहं सांभाळण्यात माझी बारा-तेरा वर्षं गेली होती. केळी, संत्री, न्यूझीलंडचं मटण. मग मी एका छोट्या कंपनीत गेलो. ही कंपनी घरांना हीट पंप बसवून बघत होती. तेव्हा इथे ते कुणाला ठाऊकही नव्हतं. चाचणीसाठी घरं हवी होती, आणि मी माझ्या सर्वांत जवळच्या मित्राचं घर दिलं.

वसंता आणि मी पुण्याला एका खोलीत राहिलेलो. तो डॉक्टर होऊन साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात लागला. त्याच्यामुळे मी त्या गावात आलो. त्याची बायको सुधावहिनी रसायनशास्त्रात पदवीधर, इथे शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची. अनघा ही त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजसाठी बाहेरगावी होती. आणि घरात होत्या वसंताच्या आई. त्यांना आम्ही सगळे आईच म्हणत असू. सत्तरी ओलांडलेल्या, छातीने अधू, जिभेने तिखट. मागच्या खोलीत देवांच्या फळीखाली त्यांची खुर्ची असायची आणि पायांवर त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी. जुन्या लुगड्यांची, हिरवी-तांबडी, हाताला थंड आणि मग हळूहळू ऊब देणारी. तिच्या एका कोपऱ्याला वसंताच्या बाळपणीच्या झबल्याचा तुकडा होता. तो त्या पाहुण्यांना दाखवत आणि वसंता लाजून उठून जाई.

त्या खोलीत भिंतीशी खोली तापवायची गॅसची शेगडी होती. ती मी काढायला लावली. "आता हिची गरज नाही," मी म्हणालो, "उगाच जागा अडवते." ती नेली त्या दिवशी आईंनी मोकळ्या भिंतीकडे बघून विचारलं, "श्रीधरा, आणि तुझं बिघडलं तर?" मी म्हटलं, "माझं बिघडत नाही, आई."

पत्र्यांवर बर्फ साचला की यंत्राला स्वतःला पुसून घ्यावं लागतं. तेवढ्यापुरतं ते उलटं चालतं. घरातली ऊब बाहेर पाठवतं, बर्फ वितळतो, पाणी गळतं, वाफ उठते. त्या चार-पाच मिनिटांत, खोलीत ऊब सोडणाऱ्या झडपेतून गार झुळूक येते. ती बोचू नये म्हणून झडपेमागे विजेची एक तापणारी तार बसवतात. वसंताकडची तार चुकीच्या मापाची आली होती. दुसरी आली की लावू, असं मी म्हटलं. ती आली, आणि माझ्या गाडीच्या डिकीत पडून राहिली.

किती वेळाने पुसायचं, ते बाहेरच्या पेटीतल्या एका पिनेवर ठरायचं. नखाएवढी पिन आणि तीन खाचा. तीस मिनिटं, साठ, नव्वद. दमट हवेच्या ठिकाणी तीसच ठेवा, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. मला ते पाठ होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. जेवण आटोपून आम्ही मागच्या खोलीत बसलो होतो आणि पंखा थांबून सुस्कारा आला.

"आलं बघ," आई मान आखडून म्हणाल्या. "श्रीधरा, तुझं हे भूत अर्ध्या अर्ध्या तासाने माझ्या मानेवर फुंकतं रे."

"भावोजी, खरंच काहीतरी करा हो," वहिनी म्हणाल्या. "खुर्ची हलवायची म्हटलं तर आई देवापासून हलत नाहीत."

वसंता पेपरामागून म्हणाला, "तो काय करणार? आयुष्यभर केळी गार केली त्याने. माणसं गरम करायची सवय कुठेय?"

सगळे हसले. मला ते लागलं. इतकं लागण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण लागलं. खरं तर उठून गाडीतली ती तार आणायची, कोट काढायचा आणि तासभर गुडघ्यांवर बसून काम करायचं, एवढंच होतं. मी कॉफीचा कप हातात घेऊन बागेत गेलो, पेटीचं झाकण उघडलं आणि पिन तीसवरून काढून नव्वदच्या खाचेत घातली. कप गार व्हायच्या आत मी परत खुर्चीत होतो.

"झालं. आता दीड तासाने फुंकेल."

"बघा आई, नुसता हात लावला आणि काम झालं," वहिनी म्हणाल्या आणि माझ्यासाठी बशीत एक जास्तीची पुरणपोळी आली. आईंनी वरून तूप सोडायला सांगितलं. त्या तुपाची चव अजून माझ्या तोंडात येते, आणि मग मला पाणी प्यावं लागतं.

पुढचे काही आठवडे हवा बरी होती आणि कुणाला काही जाणवलं नाही. मग जानेवारीत तो शनिवार-रविवार आला. शुक्रवारपासून धुकं हललं नव्हतं. झाडांवरून थेंब पडत, आणि जमिनीवर पडले की पांढरे होत. वसंता सोमवार सकाळपर्यंत ऑन-कॉल, हॉस्पिटलातच होता. शनिवारी सकाळी वहिनींचा फोन आला.

"भावोजी, घर तापत नाहीये. आणि बाहेर मशिन पांढरंफेक पडलंय."

"थंडीत पांढरं होणारच, वहिनी. ते आपलं आपण साफ होतं. दमट हवेत वेळ लागतो."

"पण पंख्याचा आवाजही येत नाही."

"येईल. धीर धरा."

त्यांच्या घरी जायला गाडीने वीस मिनिटं लागत. धुक्यात चाळीस. मी गेलो नाही. दुसरं काही काम होतं असंही नाही. घरी माझी शेगडी पेटलेली होती. पिनेची आठवण मला फोन ठेवताच झाली होती, हे इथे लिहून टाकतो. मी स्वतःला सांगितलं की नव्वद काही वाईट नाही, हवा उद्या सुटेल.

रविवारी संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी वहिनींनी तक्रार केली नाही. नुसतं म्हणाल्या, "वरचा छोटा हीटर आईंच्या पायाशी लावलाय. त्यांना वर चला म्हटलं तर ऐकत नाहीत. खोकला वाढलाय. उद्या याल ना?" मी म्हटलं, येतो.

सोमवारी सकाळी पोहोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स आईंना घेऊन गेली होती. वसंता कोट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, आणि वहिनी आईंचा चष्मा आणि कवळी रुमालात बांधत होत्या. मी सरळ मागे बागेत गेलो. यंत्रावर गोधडी होती.

हिरवी-तांबडी. चारी बाजूंनी नीट खोचलेली, जशी झोपलेल्या माणसाला खोचतात. ओलीने भिजून ती फळीसारखी कडक झाली होती. वहिनी माझ्यामागे आल्या.

"काल दुपारी घातली," त्या म्हणाल्या. "आई खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, बिचारं गारठलंय गं, माझी गोधडी टाक त्याच्यावर. शेजारच्या बाईंनीही बाहेरच्या नळाला गोणपाट गुंडाळलं होतं, पाइप फुटू नये म्हणून. मला वाटलं, यालाही तसंच करत असतील."

मी गोधडी उचलली. कापडाचा करकर आवाज झाला. तिच्याखाली जे होतं ते मी कामाच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि ते डोळे खोटं बोलत नाहीत. कापडाच्या आतल्या बाजूला दंव होतं, मिठासारखं, एका रात्रीचं. पत्र्यांवर मात्र तीन बोटं जाड, निळसर, काचेसारखा बर्फ होता. त्यात थर होते. अर्धवट वितळलेला, परत गोठलेला, पुन्हा अर्धवट वितळलेला. दर दीड तासाने यंत्र स्वतःला पुसायला निघत होतं आणि तेवढ्या वेळात बर्फ पुरता निघत नव्हता. उरलेल्यावर नवा चढत होता. तळाशी साचलेल्या बर्फाने पंख्याचं पातं धरलं होतं आणि मोडलं होतं. ते यंत्र शनिवारीच बंद पडलेलं होतं. गोधडी पडली ती मेलेल्यावर.

वसंता दारातून म्हणाला, "काय झालंय?"

आणि मी म्हणालो, "अहो वहिनी, हे का घातलंत? त्याला श्वास घ्यायला हवा लागते."

एवढंच वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नाही. हीट पंप झाकू नये हे कुणीही सांगेल. वसंताने बायकोकडे पाहिलं. रागाने नाही. डॉक्टर लोक एक्सरेकडे बघतात तसं, एकदा, आणि मग मान फिरवली. वहिनींचा हात रुमालाच्या गाठीवर तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं हो."

ते दोघे हॉस्पिटलात गेले. मी मागे राहिलो, पेटीचं झाकण उघडलं आणि पिन तीसवर आणली. पिन गोठली होती, नख मोडलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब बघायला आले तेव्हा पिन तीसवर होती, ती तापणारी तार झडपेमागे होती, आणि अहवालात मी लिहिलं की घरातल्या व्यक्तीने युनिट झाकल्याने ते गोठलं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या पुस्तिकेत त्यांनी माझ्याच हाताने एक ओळ घालून घेतली, जाड अक्षरात: यंत्रावर कापड, ताडपत्री किंवा पांघरूण टाकू नये.

आई गुरुवारी गेल्या. न्यूमोनिया. तशी त्यांची छाती आधीपासूनच वाईट होती, हे सगळेच म्हणाले. मी जरा जास्त वेळा म्हणालो.

तेराव्याला जमलेल्यांत एक बाई वहिनींना म्हणाली, "म्हातारीच्या अंगावरची गोधडी काढून मशिनला घातलीस म्हणे? आणि तू तर बीएस्सी गं!" हळूहळू त्याचा विनोद झाला. गणपतीला आपण चर्चचा हॉल भाड्याने घ्यायचो. तिथे पोळ्या लाटता लाटता कुणीतरी विचारायचं, "सुधा, आमचा फ्रिज कुडकुडतोय, शाल टाकू का त्याच्यावर?" वहिनी हसायच्या. पोळपाटावरून नजर न उचलता हसायच्या. मी पुरुषांच्या बाजूला चहाचा कप घेऊन उभा असायचो, आणि जवळच्याने माझ्याकडे बघितलं की मीही हसायचो. हे चारपाच वर्षं चाललं. मग त्या यायच्या बंद झाल्या, आणि सुधाला माणसं नकोशी झालीत असं आपण ठरवलं.

वसंताने त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही. मला वाटतं, तेच जास्त वाईट झालं. त्या घरात ती गोष्ट कुणी काढायचीच नाही, अशी रीत पडली. यंत्राला अर्ध्या तासाने पुसायला लावलं की घरात गार झुळूक येते, माणसं कुरकुरतात, पण बर्फ धरत नाही. मी त्या सोमवारी बोललो असतो तर वसंताने मला घराबाहेर काढलं असतं. कदाचित मारलं असतं. पण ते तेवढ्यावरच संपलं असतं. मी खाच बदलून ठेवली होती, यंत्रातही आणि त्या घरातही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वसंता हृदयविकाराने गेला. वहिनी अनघाकडे हाउन्सलोला राहायला गेल्या. आणखी काही वर्षांनी अनघाचा फोन आला. वहिनींची मूत्रपिंडं थकली आहेत, डायलिसिसच्या मशिनवर जायला त्या नाही म्हणताहेत. मी साउथहॅम्प्टनहून आगगाडीने निघालो, लंडनला पोहोचून भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन धरली आणि वाटेत एक वाक्य घोकत राहिलो. फेब्रुवारी होता. ट्रेन बोगद्यातून वर आली तेव्हा बाहेर तेच धुकं, आणि त्यात कुठेतरी वर उतरणाऱ्या विमानांचा आवाज.

अनघाने दार उघडलं. "काका, आत या ना. मम्मी तुमचा खूप आठवण काढते. शूज इथेच ठेवा."

खोलीत रेडिएटर बंद होता. वहिनी पातळ चादरीखाली कुडकुडत होत्या. शेजारच्या खुर्चीवर ती गोधडी घडी करून ठेवली होती. धुतलेली. एका बाजूला यंत्राच्या जाळीच्या गंजाच्या रेघा उमटल्या होत्या, त्या गेल्या नव्हत्या.

"ती पांघरत नाही," अनघा म्हणाली. "किती सांगितलं. फक्त जवळ पाहिजे."

अनघा चहा करायला गेली. मी वाक्याची सुरुवात शोधत होतो, तेवढ्यात वहिनींनीच माझ्या मनगटावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता.

"भावोजी, बरं झालं आलात. तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. तुमचं मशिन मी घालवलं. किती हौसेने बसवलं होतं तुम्ही. तुमच्या नोकरीत त्याचा त्रास झाला असेल, आणि तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. मला माफ करा."

बाहेर विमान गेलं. ते जाईपर्यंत बोलता येत नव्हतं, ही माझी शेवटची सबब. ते गेलं, आणि खोली अगदी शांत झाली.

मी म्हणालो, "असू दे, वहिनी. झालं ते झालं."

मी त्यांना माफ केलं. त्यांचा चेहरा सैल पडला, अनेक वर्षांनी कुणीतरी गाठ सोडवल्यासारखा. "तुम्ही मनाने मोठे," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. अनघा चहा घेऊन आली. मी तो प्यायलो. चहा चांगला होता.

त्या भेटीनंतर अकराव्या दिवशी वहिनी गेल्या. मी अंत्यविधीला गेलो आणि चार शब्दही बोललो, सगळे वहिनींच्या सुगरणपणाबद्दल.

अनघा, हा अंक तुझ्याकडे येतो. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, म्हणून मी सोपं लिहिलं आहे. ती गोधडी अजून असेल तर पांघर. आणि शेजारच्या यंत्राचा पंखा आत्ताच थांबला आहे, कुंपणावर वाफ चढते आहे, तो परत फिरायच्या आत मी ते वाक्य एकदा पूर्ण लिहितो, हाउन्सलोच्या खोलीत जसं म्हणायचं होतं तसं:

वहिनी, तुम्ही गोधडी घालायच्या आदल्या दिवशीच मशिन गोठलं होतं. पिन मी फिरवली होती. तुम्ही काहीही केलं नाहीत. मला माफ करा.